बेळगावहून समुद्रावर जाताना: लाटा, वारा, भरती आणि पाऊस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सीमाभागातल्या माणसाला समुद्र तसा लांब नाही. चोर्ला घाटाने उतरलं की पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आत, आंबोलीने उतरलं की सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण. निपाणीकर आजऱ्यावरून येऊन आंबोलीलाच मिळतात. खाली कारवार, मुर्डेश्वर. पण आपण राहतो घाटमाथ्यावर, साडेसातशे मीटर उंचीवर, आणि समुद्राशी आपली ओळख शनिवार-रविवारपुरती. खालचे प्रश्न निघायच्या आदल्या रात्री फोनवर हमखास येतात. उत्तरं गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवार-मुर्डेश्वर या पट्ट्यापुरती आणि तिथल्या बेटांपुरती आहेत.

बेळगावात कडकडीत ऊन पडलंय. खालीही सगळं चांगलंच असणार की?

हवा चांगली असेलही. समुद्राचं सांगता येत नाही. बेळगाव शहरात वर्षाला बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात तीन हजारांच्या आसपास, आणि मधल्या आंबोलीत सात हजारांच्या आसपास. म्हणजे टिळकवाडीतलं आभाळ बघून घाटाखालच्या पावसाचासुद्धा अंदाज बांधता येत नाही, मग लाटांचा कुठून बांधणार? लाट आजच्या उन्हावर चालत नाही. हजारो किलोमीटर लांबच्या वाऱ्याने ती चार-आठ दिवसांपूर्वी उठवलेली असू शकते.

2017 च्या एप्रिलमध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. आपल्याकडे तो विषय अजून निघतो, पण निघतो तो नशिबाच्या नावाने. तो महिना एप्रिल होता, पावसाचा मागमूस नव्हता, हे कुणी बोलत नाही.

मग या लाटा येतात तरी कुठून?

दोन ठिकाणांहून. एक जवळची: समोरच्याच समुद्रावर वारा सुटला की उठणारी, आखूड, फेसाळ, एकीवर एक आदळणारी. वारा पडला की काही तासांत तीही पडते. दुसरी दूरची. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाखाली, हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला मोठी वादळं होत असतात. तिथली लाट विषुववृत्त ओलांडून आपल्याकडे पोचते. सोळा सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात ताशी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास पुढे सरकतो. म्हणजे दिवसाला हजार किलोमीटर. सहा-सात हजार किलोमीटर यायला आठवडा लागतो. तोवर तिथलं वादळ विरून गेलेलं असतं आणि इथे किनाऱ्यावर वाऱ्याची झुळूकही नसते.

अशी दूरची लाट अचानक किनाऱ्यावर चढते त्याला केरळात ‘कल्लक्कडल’ म्हणतात, म्हणजे चोरपावलांनी येणारा समुद्र. 2012 पासून युनेस्कोनेही तो शब्द स्वीकारलाय. ही गोष्ट मुख्यतः एप्रिल-मेची, म्हणजे नेमकी आपल्या शाळांच्या सुट्टीची.

थंडीत आणखी एक पाहुणा असतो. अरबस्तानाकडून ‘शमाल’ नावाचा वायव्येचा वारा सुटतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याची लाट गोव्यापर्यंत येते. म्हणून थंडीतल्या निवांत दिवसांतही एखाददुसरा दिवस उगीचच खवळलेला वाटतो.

वर्षभरात कुठल्या महिन्यात जावं?

पोहण्यासाठी जायचं तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. एकाच वाक्यात उत्तर हवं असेल तर इथेच थांबा.

सविस्तर हवं असेल तर असं. नैर्ऋत्य मान्सून केरळात साधारण 1 जूनला आणि गोव्यात जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, पण तारखेवर विसंबू नका. 2025 मध्ये तो 24 मेला केरळात आणि लगेच दुसऱ्या दिवशी कोकण-गोव्यात होता, आणि मेअखेरच्या सहली आखून बसलेल्यांची पंचाईत झाली. जून ते ऑगस्ट खुल्या समुद्रावर तीन-चार मीटरच्या लाटा ही रोजची गोष्ट. सप्टेंबरात पाऊस ओसरतो, ऊन पडतं, आणि माझ्या मते हाच सगळ्यात फसवा महिना. पावसाळ्याच्या लाटांनी किनाऱ्याची वाळू खरवडून आत नेलेली असते. ती परत यायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. तोवर किनारा उतरता असतो, मध्येच खड्डे असतात, आणि दोन पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला लागतं.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस, तोही बहुधा दुपारनंतर, विजांसकट. नोव्हेंबरपासून लाटा साधारण मीटरभराच्या आत येतात, पाणीही निवळतं. मार्चपासून दुपारचा वारा वाढत जातो. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठला आरशासारखं असलेलं पाणी दुपारी चारला ओळखू येत नाही.

दिवसातली कुठली वेळ चांगली?

सकाळ. रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे लाट दबलेली असते. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो, वायव्येकडून जोर धरतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान टिपेला पोचतो. बेळगावहून सकाळी आठला निघून, वाटेत नाश्ता करून, हॉटेलात जेवून मंडळी पाण्यात उतरतात ती नेमकी त्याच वेळेला. शक्य असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळीच खाली उतरून मुक्काम करा आणि पाण्याचा कार्यक्रम साडेदहापर्यंत उरका.

मुलांना हवा भरलेली ट्यूब दिली की काळजी नाही ना?

उलट जास्त. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी वारा समुद्राकडे वाहतो हे वर आलंच. ट्यूब हलकी, तिच्यावर वारा चांगला बसतो, आणि पाणी शांत असल्यामुळे ती आत चाललीय हे काठावरच्या कुणाच्या लक्षात येत नाही. आणायला जाणारा मामा मग दमतो. ट्यूब पोहण्याच्या तलावात वापरा.

भरती-ओहोटीची वेळ घरबसल्या कशी काढायची?

भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी असते, तेवढी पुरते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे नऊला. अष्टमीला आठ पाऊणे सहा: सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून. रोज भरती पाऊण तासाने, नेमकं सांगायचं तर पन्नासेक मिनिटांनी, पुढे जाते. हिशेब त्यावरच बसवलाय.

एक दुरुस्ती मात्र करायला हवी. हा हिशेब मुंबईकडे चपखल बसतो. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्यात आणि कारवारला ती साधारण तासभर आधी येते, मालवणला त्याच्या अधेमधे. चतुर्थीला गोव्यात जायचं असेल तर दुपारी तीनऐवजी दोनच्या सुमारास भरती धरा. किल्ल्याची बोट किंवा खडकावरची वाट नेमक्या वेळेवर अवलंबून असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-कोष्टकं निघतात आणि त्यावर चालणारी मोबाइल ॲपही आहेत, तीच बघा.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, भांगाला दोन्ही कमी. गोव्यात उधाणाचा फरक दोनेक मीटरचा असतो, मुंबईत तो साडेचार-पाचपर्यंत जातो. बातम्यांत मुंबईचा आकडा वाचून कळंगुटला घाबरायला नको.

पोहायचं भरतीत की ओहोटीत?

भरत्या पाण्यात, आणि पूर्ण भरतीच्या थोडं आधी बाहेर. पाणी उतरू लागलं की आतली ओढ वाढते. खाडीच्या किंवा नदीच्या मुखाशी तर ओहोटीत अजिबात उतरू नका. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येते. दोन्हींच्या टकरीत पाणी जागच्या जागी उभं राहतं. तिथले बोटवाले ती वेळ टाळतात ते उगीच नाही.

‘लाट 2 मीटर’ असा अंदाज असला तर सगळ्या लाटा दोन मीटरच्याच असतात का?

नाही. तो आकडा म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून दीडपट लाट येणारच, क्वचित दुपटीच्या जवळ जाणारीही येते. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, चार-सहांचा घोळका येतो आणि मग बराच वेळ शांतता. पोचल्या-पोचल्या दोन मिनिटं पाणी बघून “शांत आहे की” म्हणणारा नेमका त्या शांततेत बघत असतो. कपडे बदलण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वाळूवर नुसतं बसा आणि सगळ्यात मोठी लाट कुठवर येते ते बघा.

उंचीच्या शेजारी सेकंदांचा आकडा असतो, तो लोक वाचतच नाहीत. दोन लाटांमधलं अंतर ते. पाच-सहा सेकंद असेल तर जवळच्या वाऱ्याची लाट. चौदाच्या वर गेलं की दूरची, आणि ती उथळ पाण्यात आली की अंगाने वाढते. खुल्या समुद्रावर मीटरभराची दिसणारी अशी लाट किनाऱ्यावर दीड मीटरची होऊन फुटू शकते. माझा स्वतःचा नेम असा: एक मीटरच्या आत आणि दहा सेकंदांच्या आत असेल तर मुलांसकट पाण्यात. दीड मीटरच्या वर गेलं तर मुलं वाळूवर. सेकंद चौदाच्या वर असतील तर उंची कितीही कमी दिसो, घोट्याच्या वर नाही.

हे सगळं बघायचं कुठे?

समुद्रासाठी हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था. 1999 पासून ती आहे, आणि लाटांची उंची, दूरच्या लाटा, उंच लाटांचे इशारे किनाऱ्यानुसार देते. पावसासाठी हवामान खातं: गोव्याचं केंद्र पणजीत, सिंधुदुर्गाचा अंदाज मुंबईहून, कारवारचा बंगळूरहून. विंडीसारखी ॲप वाऱ्यासाठी चांगली आहेत.

आता यातली गोची. टीव्हीवर पिवळा, नारिंगी, लाल अलर्ट सांगतात तो बहुतेक वेळा पावसाचा असतो. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार, 204.5 पासून अत्यंत जोरदार, असे त्याचे टप्पे. त्यात लाटेचा हिशेब नाही. जिल्ह्याला हिरवा रंग असताना इन्कॉइसचा लाटेचा इशारा असू शकतो, आणि एप्रिल-मेमध्ये तसा असतोही. मच्छीमारांसाठीची सूचना वाचायची सवय लावा. ‘वारा ताशी 45 ते 55 किलोमीटर, झोतात 65’ असं वाक्य तिथे दिसलं की बोटीचा बेत त्या दिवशी सोडून द्यायचा. अंदाज वाचायला वेळच नसेल तर कॅम्पातल्या मासळी बाजारात विचारा. मासेमारीला बंदी नसताना गाडी कमी माल घेऊन आली असेल तर का, हे तिथल्या बायका चोख सांगतात.

पाण्यातली ओढ काठावरून ओळखता येते का?

येते, आणि हे एक शिकलात तरी खूप झालं. लाटा पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधतं. भाताच्या वाफ्याचा बांध एका जागी फुटला की सगळं पाणी तिथूनच धावतं, तसं इथे होतं. वाळूच्या पाण्याखालच्या बांधात जिथे खाच असते तिथून सगळं पाणी एका अरुंद पट्ट्याने आत पळतं. इंग्रजीतून आलेला शब्द रिप करंट.

काठावर जरा उंच जागी उभे राहा. डावी-उजवीकडे लाटा पांढऱ्या फुटताना दिसतात आणि मध्ये एक पट्टा दिसतो जिथे लाट फुटतच नाही. तिथलं पाणी गडद, वरवर सपाट. कधी त्यावरून फेस, पानं, ढवळलेली वाळू आत जाताना दिसते. पोहता न येणाऱ्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते, आणि सगळं कुटुंब नेमकं तिथेच उतरतं. खडकाच्या कडेला, धक्क्याच्या बाजूला, ओहोळ समुद्राला मिळतो तिथे असा पट्टा बहुधा असतोच. लाट फुटतेय तिथे पाणी उथळ, जिथे फुटत नाही तिथे खोल: एवढं मुलांनाही सांगून ठेवा.

आणि सापडलोच तर?

किनाऱ्याकडे पोहू नका. पट्टा अरुंद असतो, तेव्हा किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्याच्या बाहेर पडा आणि फुटणाऱ्या लाटांच्या बाजूने परत या. पोहायची ताकद नसेल तर उताणे तरंगत राहा, हात वर करा, ओरडा. ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडे गेली की ती बहुधा मंदावते. बुडतो तो बहुतेक वेळा दमून.

काठावरच्यांनी मागोमाग उड्या मारू नयेत. एकाच्या मागे तिघं-चौघं जाण्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. दोरी, रिकामा पाण्याचा कॅन, फुगवलेली ट्यूब (हो, तिचा इथे उपयोग आहे), जे हाताला लागेल ते फेका. 112 हा नंबर तिन्ही राज्यांत चालतो. तटरक्षक दलाचा 1554.

आमची पोरं विहिरीत आणि मलप्रभेत पोहणारी. त्यांना कसली भीती?

पोहायला येतं हे चांगलंच. खाऱ्या पाण्यात माणूस तरंगतोही जास्त. पण विहिरीत काठ हाताच्या अंतरावर असतो आणि पाणी जागचं हलत नाही. खानापूरच्या पोराला उडी चांगली येते, दम चांगला असतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात आत जातो. समुद्रात कंबरेइतक्या पाण्यातच पोहा, डोक्यावरच्या पाण्यात नाही. आणि विहिरीतली सवय म्हणून खडकावरून सूर मारणं तर नकोच, खाली वाळू कालच्या जागी असेल याची खात्री नाही.

पावसाळ्यात नुसते पाय भिजवले तर चालेल का?

सपाट, रुंद वाळू असेल, जीवरक्षक जवळ असेल आणि लाल बावटा नसेल तर घोट्यापर्यंत. खडकावर मात्र कुठेही नाही. पावसात जांभ्याच्या खडकावर शेवाळ धरतं. हणजूण, वागातोर, मालवणचा खडकाळ भाग, सगळीकडे फोटोच्या नादात माणसं लाटेने ओढली गेलीत.

नदीच्या मुखाजवळचं पाणी पावसाळ्यात घाणही असतं. खानापूर तालुक्यात देगावला उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते. घाटातली माती, ओंडके, बाटल्या सगळं घेऊन. मिरामारला ऑगस्टात चहाच्या रंगाचं पाणी दिसतं त्यात थोडी आपल्या जांबोटी-कणकुंबीचीही माती असते.

मासेमारी बंदी उठली म्हणजे समुद्र खुला झाला ना?

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला साधारण 1 जून ते 31 जुलै बंदी असते, कुठे काही दिवस इकडेतिकडे. ती माशांच्या विणीसाठीही असते. मोठा ट्रॉलर ऑगस्टात बाहेर पडला म्हणून आपण पाण्यात उतरायचं, हा हिशेब चुकीचा आहे. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरही लहान होडीवाले आणखी थोडे दिवस आभाळाकडे बघत थांबतात.

सिंधुदुर्ग किल्ल्यावर बोटी कधी बंद असतात?

साधारण मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत. किल्ला मालवणसमोरच्या कुरटे बेटावर आहे, 1664 च्या नोव्हेंबरात बांधायला घेतला, आणि धक्क्यापासून बोटीचं अंतर अगदी थोडं. पण बेटाभोवती पाण्यात दडलेले खडक आहेत. बोट त्यांच्यातूनच वाट काढत जाते, आणि शत्रूच्या जहाजांना तीच अडचण होती. हंगामातही वारा वाढला की फेऱ्या थांबवतात. तेव्हा बोटवाल्याशी हुज्जत घालू नका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाणार असाल तर निघण्याआधी मालवणात कुणाला तरी विचारून घ्या.

कूर्मगडला, कारवारच्या बेटांवर?

कारवारचा उपसागर डोंगर आणि बेटांच्या आडोशाला आहे, त्यामुळे एरवी तिथलं पाणी गोव्याच्या उघड्या किनाऱ्यांपेक्षा नरम. म्हाताऱ्या माणसांना पाय भिजवायला कारवार किंवा काणकोणचं पाळोळें, ही दोन ठिकाणं मी सांगतो. पण आडोसा संपला की समुद्र तोच. 2019 च्या जानेवारीत कूर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट उलटली आणि सोळा जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. जत्रेच्या गर्दीत बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट बघा, आणि लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टा आवळून बसा. मांडीवर ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही.

अंजदीव बेट नौदलाच्या ताब्यात आहे, तिथे सहल जात नाही.

नेत्राणीला स्कूबा करायचंय. कधी?

नेत्राणी मुर्डेश्वरहून साधारण एकोणीस किलोमीटर आत. ऑक्टोबर ते मे हंगाम, त्यातही नोव्हेंबर ते जानेवारी बरे. बोटीला दीड तास लागतो. बेटावर उतरवत नाहीत, बोटीतूनच पाण्यात जायचं. बोट लागणाऱ्यांनी रात्री तेलकट जेवू नये, गोळी डॉक्टरला विचारून निघण्याआधी घ्यावी, डोळे क्षितिजावर ठेवावेत. सकाळचीच फेरी मागा. परतीला वारा वाढला तर तोच दीड तास फार लांबतो. आदल्या दिवशीचा पाऊस किंवा लाट पाणी गढूळ करते आणि पैसे भरूनही हिरवं धुकं बघून यावं लागतं, त्यामुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे आधीच ठरवून घ्या.

सर्फिंग शिकता येईल का?

येईल. गोव्यात आश्वे-मांद्रे-मोरजीच्या पट्ट्यात, कर्नाटकात गोकर्ण आणि मंगळूरजवळच्या मुल्कीत शिकवतात. मुल्कीला तर देशातल्या सर्फिंगची सुरुवातीची शाळा म्हणून मान आहे. नवशिक्याला गुडघा ते कंबरेइतकी, एकसारखी फुटणारी लाट हवी आणि ती ऑक्टोबर ते मे मिळते. सकाळचं सत्र घ्या, कारण दुपारच्या वाऱ्यात लाट चुरगळते. बोर्डाची दोरी घोट्याला बांधलेलीच असू द्या. पहिल्या दिवशी बोर्ड आपल्याच डोक्यात बसतो, समुद्र नव्हे.

मेमध्ये संध्याकाळी आभाळ भरून आलं तर?

आपला वळीव तो. घाटमाथ्यावर दुपारी ढग उभे राहतात आणि वरच्या वाऱ्याने पश्चिमेकडे सरकत सांजेला किनाऱ्यावर पोचतात. किनाऱ्यावरचा माणूस समुद्राकडे तोंड करून सूर्यास्त बघत असतो आणि वीज येते पाठीमागून. अधूनमधून मागेही बघावं. गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर, आणि छत्रीखाली किंवा माडाखाली नव्हे, तर पक्क्या इमारतीत किंवा गाडीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या.

चक्रीवादळ गुजरातकडे चाललंय म्हणतात. मग गोव्याला धोका नाही ना?

असतो. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतात आणि बरीचशी किनाऱ्याला समांतर, लांबून जातात. 2017 च्या डिसेंबरात ओखी गोव्यापासून शेकडो किलोमीटर दूर होतं, तरी गोव्याच्या शॅकमध्ये पाणी शिरलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्तेने गोव्यात झाडं, विजेचे खांब पाडले आणि पुढे गुजरातेत जाऊन जमिनीवर आलं. वादळ समुद्रात असेपर्यंत आणि त्यानंतरचे दोन दिवस तरी बेत पुढे ढकला. हॉटेलवाला “इथे काही नाही, या” म्हणेल. त्याच्या अंगणात नसेलच काही.

बावटे आणि जीवरक्षक यांचं काय?

लाल बावटा म्हणजे पाण्यात नाही. लाल-पिवळ्या दोन बावट्यांच्या मधली जागा पोहण्याची. गोव्यात 2008 पासून ‘दृष्टी’ या खासगी संस्थेचे जीवरक्षक मुख्य किनाऱ्यांवर असतात, साधारण सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. ते सहाला निघाले की आपणही निघायचं. सिंधुदुर्गात आणि कारवारकडे ते सगळ्या किनाऱ्यांवर नाहीत. मुर्डेश्वर, गोकर्णला प्रशासन वेळोवेळी पाण्यात उतरायला बंदी घालतं, ती पाळा. निर्जन किनारा शोधून काढल्याचा आनंद मलाही होतो, पण तिथे शिट्टी वाजवायला कुणी नसतं.

थोडी घेतली असेल तर?

मग वाळूवर. याला दुसरं उत्तर नाही.

जेलीफिश चावली तर?

पावसाळा संपता-संपता त्या किनाऱ्याला लागतात. चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा, जीवरक्षकाला दाखवा. श्वास जड झाला, ओठ सुजले तर थेट दवाखाना.

परतीला किती वाजता निघावं?

पावसाळ्यात चोर्ल्यावर अंधार पडायच्या आत. साखळी-केरी सोडल्यावर चढणीला धुकं लागलं की पुढच्या गाडीचा मागचा दिवासुद्धा दिसत नाही, आणि कणकुंबी येईपर्यंत मोबाइलची रेंजही धड नसते. पाऊस फारच असेल तर अनमोडचा महामार्ग लांब पडतो, पण दरडी तिथेही येतात, तेव्हा निघण्याआधी दोन्ही घाटांची चौकशी करा. उन्हाळ्यात एवढी घाई नको. फक्त चालवणाऱ्याने दुपारी चारनंतर पाण्यात जाऊ नये, दोन तास लाटांत खेळून आलेल्या माणसाला घाटात झोप येते.